चरबी गोठवून मुलांचे पोट उतरवावे का?

“डॉक्टर, पोरगा दहावीला आहे, पोट फार सुटलंय. यंत्राने चरबी गोठवतात म्हणे. करून घेऊ का?” असे पालक मला हल्ली वारंवार विचारतात. चिरफाड नाही, टाके नाहीत, भूल नाही. मग हरकत काय, असे त्यांना वाटते. माझे मत स्पष्ट आहे. वाढत्या वयाच्या मुलांवर हा खर्च करू नये.

ही पद्धत खोटी नाही. थंडीने त्वचेच्या आधी चरबीच्या पेशी मरतात, या तत्त्वावरचे बोस्टनच्या संशोधकांचे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये पोटासाठी या यंत्राला परवानगी दिली. त्या जागचा चरबीचा थर साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी होतो. पण हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. क्वचित त्या जागी चरबी उलट वाढून घट्ट गोळा होतो आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. यंत्र चिमटीत येणाऱ्या चरबीवर काम करते. खरा धोका आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेल्या चरबीचा असतो. तिथवर ही थंडी पोचत नाही. अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली गेली. तरीही त्यांच्या शरीरात इन्शुलिनचे काम सुधारले नाही, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मग वरवर गोठवून काय साधणार? आपल्याकडे तर अंगाने बारीक पण आतून चरबीयुक्त अशी ठेवण आढळते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडले आहे.

तेव्हा पालकांनी आधी टेप घ्यावी. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे का, ते पाहावे. उंची १६० सें.मी. असेल तर घेर ८० च्या आत हवा. मानेवर काळी, मखमलीसारखी जाड कातडी दिसली, तर मळ समजून घासत बसू नये. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलाची रक्तातील साखर, यकृत आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मुलीची पाळी अनियमित असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

दहावी आली की मुलाचे खेळणे आपणच बंद करतो. क्लासला जाताना वडापावाला पैसे देतो आणि वर ‘ढोल्या’ म्हणून हिणवतो. हे आधी थांबवावे. रोज एक तास घाम येईल असा खेळ, वेळेवर झोप, थंड पेयांना रजा आणि सगळ्या घराला एकच साधे जेवण, एवढे सहा महिने नेटाने करून पाहावे. यंत्रासाठी साठवलेल्या पैशातून एक चांगली सायकल जरूर येईल.