निमित्तमात्र स्थळे

मराठी समीक्षेत प्रवासवर्णनाविषयी एक सिद्धांत इतका रूढ झाला आहे की, तो सिद्धांत आहे याचेही भान आपल्याला उरलेले नाही. प्रवासवर्णनात महत्त्व स्थळाला नसून प्रवाशाला असते. स्थळ हे निमित्त, प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व हाच खरा आशय, असा तो सिद्धांत. माहिती पुरविण्यास मार्गदर्शिका आहेत. लेखकाने द्यावयाचा तो स्थळाने त्याच्या मनावर उमटविलेला ठसा, असे आपण पदव्युत्तर वर्गांत वर्षानुवर्षे सांगत आलो. प्रस्तुत लेखकानेही ते सांगितले आहे आणि त्यावर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. त्याच मताचा येथे प्रतिवाद करावयाचा आहे. या सिद्धांताने मराठी वाचकाची पाहण्याची शक्ती क्षीण केली, आणि जेथे एका दिवसाच्या सहलीतही अनेक राजवटींचे अवशेष ओलांडावे लागतात अशा देशात हे क्षीण होणे निरुपद्रवी नाही, असे माझे म्हणणे आहे.

या सिद्धांताचा उगम समजण्यासारखा आहे. एकेकाळी प्रवासवर्णन म्हणजे अंतरे, उंची, लोकसंख्या आणि देवळांचे खांब यांची जंत्री असे. लघुनिबंध बहरात आला तेव्हा त्या जंत्रीचा लेखकांना कंटाळा आला, हे योग्यच झाले. अनंत काणेकरांनी प्रवासवर्णनाला खेळकर वळण दिले, पु. ल. देशपांडे यांच्या 1960 च्या 'अपूर्वाई'ने त्याला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. परंतु या लेखकांचे 'मी'पण ज्या निरीक्षणावर उभे होते ते अनुयायांनी घेतले नाही. त्यांनी फक्त 'मी' उचलला. मग स्थळ कोणतेही असो, उशिरा आलेली गाडी, बेचव चहा, सहप्रवाशांच्या गमती आणि शेवटी सूर्यास्तासमोर दाटून आलेला कंठ, हा साचा सिद्ध झाला. काश्मीरचे नाव काढून कन्याकुमारीचे घातले तरी चालेल असे परिच्छेद आपण 'आत्मनिष्ठ' म्हणून गौरविले.

या सिद्धांताची परीक्षा एखाद्या महान स्थळी घेणे सोपे आहे. ताजमहाल काय किंवा हिमालय काय, तेथे स्थळच इतके बलिष्ठ असते की लेखकाची उणीव झाकली जाते. परीक्षा घ्यावी ती लहान स्थळी. म्हणून मी मदन महलचे उदाहरण घेतो. मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरला जाताना अगदी अखेरच्या टप्प्यात याच नावाचे स्थानक लागते. बहुतेक मराठी प्रवासी तोवर सामान आवरू लागलेले असतात. जबलपूरसाठी त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस राखलेला असतो: सकाळी भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नौकाविहार, नंतर धुवांधार, वाटेत चौसष्ट योगिनी, आणि परतताना वेळ उरला तर मदन महल व त्याच्याजवळची तोललेली शिळा. वेळ उरला तर! हे तीन शब्द आपल्या पर्यटनाचे आणि आपल्या प्रवासवाङ्मयाचे समान ब्रीदवाक्य आहे.

वर गेल्यावर जे दिसते ते थोडके आहे. एका प्रचंड, गोलसर शिळेवर चढविलेली लहानशी दुमजली वास्तू, समोर पागा म्हणून दाखविल्या जाणाऱ्या खोल्या, जवळ एक छोटा जलाशय, आणि खाली पसरलेले शहर. यावर मराठीत जे लिहिले जाते त्याचा नमुना मनाशी कल्पिणे अवघड नाही: चढताना लागलेली धाप, वाऱ्याची झुळूक, 'महाल कसला, ही तर चौकी' असा विनोद, राणी दुर्गावतीच्या शौर्याला दोन वाक्यांचे अभिवादन, आणि गुप्त खजिन्याची दंतकथा. लेखकाच्या मनावर ठसा उमटलेला असतो, यात शंका नाही. पण त्या ठशात टेकडी कोठेच नसते.

टेकडीपासून आरंभ करू. ही शिळा ज्या ग्रॅनाइटची आहे त्याला भूशास्त्रात मदन महल ग्रॅनाइट असेच नाव आहे, आणि त्याचे वय एक अब्ज वर्षांहून अधिक आहे. हे गोल धोंडे कोणी रचलेले नाहीत; भेगांतून शिरलेल्या पाण्याने खडकाच्या कडा झिजवून त्यांना घडविले. याच जबलपूरच्या परिसरात 1828 साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला अतिप्राचीन सरीसृपांची अश्मीभूत हाडे सापडली; ती ज्या थरांतील होती त्यांना नर्मदेवरील लमेटा घाटाचे नाव मिळाले. आणि गोंडांच्या भूमीला असलेले 'गोंडवन' हे नाव एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांनी उचलून दक्षिण गोलार्धातील विशाल प्राचीन भूखंडाला दिले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांना कवेत घेणारे हे नाव ज्या जमातीचे, त्या जमातीच्या राजाने बांधलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूसमोर उभे राहून मराठी लेखक धाप लागल्याचे सांगतो. ही माहिती कोरडी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कोरडेपणा माहितीत आहे की आपल्यात आहे, हे तपासावे.

आता इतिहास. ही वास्तू गोंड राजा मदनशाह याच्या नावाशी जोडली जाते आणि तिचा काळ बहुधा अकरावे-बारावे शतक असा सांगितला जातो. पण गढ्याचे गोंड राज्य प्रबळ झाले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून, संग्रामशाहच्या काळात. आणि त्याआधीची कित्येक शतके या प्रदेशावर त्रिपुरीच्या कलचुरींची छाया होती. भेडाघाटचे योगिनी मंदिर त्यांच्याच काळातले. तेव्हा कलचुरींच्या राजधानीच्या इतक्या जवळ गोंड राजाची चौकी केव्हा आणि कशी उभी राहिली, हा प्रश्न साध्या कालगणनेतूनच उद्भवतो. तो विचारण्यास पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. दोन तारखा शेजारी ठेवण्याची सवय लागते. आपल्या वाङ्मयप्रकाराने ही सवय मोडली.

पण मराठी लेखकाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट याच्या पुढची आहे. राणी दुर्गावतीने 1564 मध्ये मोगल सेनेशी लढताना देह ठेवला, हे आपण आदराने लिहितो, आणि तेथेच थांबतो. जणू त्या दिवशी गोंडांचे राज्य संपले! वस्तुतः ते त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक टिकले. 1742 मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली. तेथील राजा महाराजशाह तीत मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. 1781 मध्ये सागरच्या मराठी सत्तेने ते राज्य संपविले. 1798 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 मध्ये इंग्रजांनी तो घेतला. म्हणजे ज्या राजवंशाच्या शौर्याने आपला कंठ दाटतो त्याचा शेवट करणारे आपणच. मदन महलवर उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला येथे परक्याच्या इतिहासाकडे पाहण्याची सोय नाही. तो त्या इतिहासातील एक पक्ष आहे. एवढी एक जाणीव ज्या वर्णनात आली असती, ते वर्णन आपोआप आत्मनिष्ठ झाले असते, आणि तेही खऱ्या अर्थाने. स्थळाला निमित्त मानणाऱ्या सिद्धांताने आपल्याला स्थळ तर दिले नाहीच. 'स्व'ही दिला नाही. त्याने दिला तो फक्त आपल्या मनःस्थितीचा वृत्तांत.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. उत्तर-दक्षिण तीन हजार किलोमीटरहून लांब पसरलेल्या देशात सामान्य माणसाला वर्षातून आठ-दहा दिवस मिळतात. त्याने प्रत्येक टेकडीवर संशोधन करावे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी आदळतो. एका दिवसाच्या सहलीला माझा विरोध नाही. 1870 मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपुरातच जोडले गेले आणि सामान्य माणसाच्या आटोक्यात हा देश येऊ लागला, ही मोठीच गोष्ट होती. दोष सामान्य प्रवाशाचा नाही; त्याच्या हातात पुस्तक देणाऱ्यांचा, आणि त्या पुस्तकाला पारितोषिक देणाऱ्यांचा आहे. दिवस एक असो की शंभर; स्थळाला प्रश्न विचारला की नाही, हा निकष आहे.

उलट बाजूचे एक लाडके मतही येथे तपासले पाहिजे. पर्यटक उथळ आणि पायी चालणारा यात्रिक खोल, असे आपण सहज मानतो. नर्मदा परिक्रमेवर मराठीत लिहिले गेलेले आणि आवडीने वाचले गेलेले पुष्कळ लेखन या समजुतीवर उभे आहे. पण जबलपूरच्याच वरच्या अंगाला बर्गीचे धरण 1990 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याने 162 गावांना ग्रासले. त्या जलाशयाला वळसा घालताना ज्याला केवळ वाट लांबल्याचे दुःख होते, त्याने कितीही महिने चालले तरी त्याची नदी त्याच्या मोक्षाचे निमित्तच राहते. जबलपूरचेच अमृतलाल वेगड यांनीही पायीच प्रवास केला. पण त्यांच्या लेखनात घाट, बाजार, होडीवाले आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका स्वतःच्या हक्काने वावरतात. पाय दोघांचेही चालले. फरक दृष्टीत होता.

आपल्या परंपरेत याचा दाखला नाही असे नाही. विष्णुभट गोडसे 1857 मध्ये वरसईहून निघाले ते स्थलदर्शनासाठी नव्हे. घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळविण्यासाठी. 'माझा प्रवास' 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील झाशीच्या वेढ्याचे वर्णन आजही आपल्याला अस्वस्थ करते, याचे कारण भिक्षुकाचे लक्ष स्वतःच्या मनःस्थितीपेक्षा पाण्यासाठी धडपडणाऱ्या, मरणाऱ्या आणि लुटल्या जाणाऱ्या माणसांकडे होते. त्यांचे व्यक्तिमत्त्व आपल्याला कळते. पण ते त्यांनी काय पाहिले यावरून कळते. आपल्या सिद्धांताने हा क्रम उलटा केला.

मदन महलजवळच्या तोललेल्या शिळेकडे पुन्हा येतो. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूर भागात भूकंप झाला, आणि त्यातही ही शिळा ढळली नाही, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. त्या पहाटे घरे कोसळली आणि माणसे दगावली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. धोंडा वाचला ही नवलकथा झाली. माणसे मेली ही कथाच झाली नाही. अलीकडच्या वर्षांत न्यायालयाच्या आदेशानंतर याच टेकड्यांवरील वस्त्या हटवून तेथील कुटुंबे शहराबाहेर नेण्यात आली. टेकडीचे रक्षण आवश्यक होते, हा पक्ष मला समजतो, आणि त्या निर्णयाचा निवाडा येथे करावयाचा नाही. साहित्याने ती घरे पाडली असेही मी म्हणणार नाही. परंतु ज्या टेकडीची वर्णने माणसांवाचून लिहिली गेली, त्या टेकडीवरून माणसे गेली तेव्हा वाचकाला काही उणे झाल्यासारखे वाटले नसेल, तर त्याचे नवल काय? ती त्याच्या चित्रात कधी नव्हतीच.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना लेखकाचे मन किती हळवे झाले हे विचारण्याआधी आपण तीन गोष्टी विचाराव्यात. या स्थळाचे नाव बदलले तर हा मजकूर तसाच राहील काय? येथे आज कोण राहते, हे लेखकाने पाहिले काय? आणि या स्थळाच्या इतिहासात लेखकाचा स्वतःचा समाज कोठे उभा होता, हे त्याने सांगितले काय? या कसोट्यांवर आपली काही मान्यवर पुस्तके उतरणार नाहीत. ती अभ्यासक्रमातून काढावीत असे मी म्हणत नाही. ती याच प्रश्नांसह शिकवावीत.

जबलपूर 1956 पर्यंत नागपूरसह एकाच प्रांतात होते. तेथे मराठी माणूस सुभेदार म्हणून गेला, कारकून आणि शिक्षक म्हणून गेला, आणि आता पर्यटक म्हणून जातो. यांतील पहिल्या भूमिकेची आठवण तिसऱ्या भूमिकेत त्याला करून देणे, हे प्रवासवर्णनाचे काम आहे. त्यासाठी मदन महलवर अर्धा तास पुरतो. मात्र तो अर्धा तास वेळ उरला तर, असा ठेवून चालणार नाही.