रुखवतातला हंस आणि माझं मटेरियल सायन्स

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषयही जरा वेगळाच आहे. कॉलेजच्या मॅगझिनमध्ये प्लेसमेंट, पाऊस, प्रेम नाहीतर 'आजचा तरुण कुठे चालला आहे?' यावर लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार आहे क्रोशाच्या हंसाला खळ कशी लावावी यावर. हसा खुशाल! पण मेकॅनिकलच्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही, ते या हंसाने शिकवलं.

गेल्या मे महिन्यात माझ्या ताईचं लग्न झालं. रुखवत मांडायचं ठरलं तेव्हा आजीने ट्रंक उघडली. आत जुन्या सुती पातळात गुंडाळलेलं क्रोशाचं काम होतं. दोन राजहंस, एक तुळशीवृंदावन, एक परडी. आईच्या लग्नात आजीनेच केलेलं. साखळी, मुका खांब, खांब... एका हंसाला किती टाके असतील हे मोजायला बसले तर मान संपायच्या आत माझा पेशन्स संपला. आज आजीच्या बोटांना संधिवात आहे. सुई धरता येत नाही. म्हणजे हे हंस पुन्हा होणे नाही.

ट्रंकेतून निघालेले हंस मात्र हंस नव्हतेच. धुऊन घडी केलेल्या मोज्यासारखे चपटे! आजी म्हणाली, साबुदाण्याची खळ करू. मी म्हटलं, "आजी, थांब. मी इंजिनिअर आहे."

इथेच चुकलं.

मी लाकडाला लावतात तो पांढरा गोंद आणला, थोड्या पाण्यात कालवला, त्यात एक हंस बुडवला, पिळला. आत प्लॅस्टिकची पिशवी ठासून आकार दिला, थर्माकोलवर टोचण्या लावून पंख्याखाली ठेवला. सकाळी हंस असा टणक की टेबलावर आपटला तर आवाज यावा. मी घरभर मिरवून आले. आजी एवढंच म्हणाली, "अवं पोरी, कायले इतकं कडक करून रायली? धुता आलं पाह्यजे नं ते." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाकीच्या वस्तूंना तिने मावशीकडून साबुदाण्याची खळ लावून घेतली.

लग्नाच्या दिवशी सगळं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी त्याहून तापते. मंगल कार्यालयात पोचून उघडलं तर माझ्या हंसाची मान पंखावर पडलेली, चोच पंखाला चिकटलेली आणि पाठीवर वर्तमानपत्राचं अर्धं पान. सोडवायला गेले तर दोन ठिकाणी दोरा तुटला. साबुदाण्याचा हंस मात्र तसाच्या तसा ताठ.

घरी येऊन मी तो कोमट पाण्यात भिजत घातला. गोंद निघाला नाही. नुसता दुधासारखा पांढरा आणि बुळबुळीत झाला, वाळल्यावर पुन्हा तसाच. आजी एक शब्द बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी पुस्तक उघडलं (परीक्षा नसताना, नोंद घ्यावी!). तो पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. प्रत्येक पॉलिमरला एक ग्लास ट्रान्झिशन तापमान असतं. त्याच्या खाली तो काचेसारखा कडक, वर गेला की मऊ आणि चिकट. या गोंदाचं ते तापमान साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात तो टिकणारच नव्हता! ही व्याख्या मी व्हायवामध्ये घडाघडा म्हटली होती. मार्कही मिळाले होते.

साखरेच्या पाकाची गोष्ट याच्या उलट. शाळेत पाचवीत असताना सिस्टरनी आम्हाला ख्रिसमस ट्रीसाठी क्रोशाच्या चांदण्या शिकवल्या होत्या. दाट पाकात बुडवायच्या, टोचण्यांनी ताणून वाळवायच्या. डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्या बर्फाच्या कणांसारख्या कडक झाल्या. मी एक घरी खिडकीला टांगली. जुलैत ती ओशाळल्यासारखी खाली वाकली आणि मुंग्यांची रांग लागली. वाळलेला पाक म्हणजे साखरेची काचच, पण ती हवेतलं पाणी ओढते आणि पाणी शिरलं की मऊ पडते. म्हणजे गोंद मे मध्ये हरतो आणि साखर पावसाळ्यात.

आणि खळ? साबुदाणा, तांदूळ, मैदा, काहीही घ्या, आत स्टार्च. पाण्यात शिजवला की त्याचे कण फुगून फुटतात आणि लांब साखळ्या मोकळ्या होऊन दोऱ्याच्या तंतूंमध्ये शिरतात. कापूस म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या, स्टार्चही ग्लुकोजच्याच साखळ्या, म्हणून दोघांचं जमतं. फायबरग्लासमध्ये काचेचे धागे आणि रेझिन, इथे सुताचे धागे आणि खळ. दोन्ही कॉम्पोझिटच. विणकर ताण्याच्या सुताला मागावर चढवण्याआधी खळ देतात ती याच कारणासाठी. आपल्या नागपुरात हातमाग होते, १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या गावाला खळ नवी नाही. नवी होते ती मी.

आता कोणी म्हणेल, खळही काही अमर नाही. पावसाळ्यात तिला बुरशी येते, झुरळं आणि कसर येते. अगदी बरोबर. म्हणूनच आजीचा नियम असा: खळ रुखवतापुरती. कार्य झालं की कोमट पाण्यात भिजवून धुवायची आणि वस्तू मऊ करून सुती कपड्यात ठेवायची. पुन्हा लागेल तेव्हा पुन्हा खळ. ट्रंकेतून हंस चपटे निघाले ती आजीची हयगय नव्हती, तो तिचा मेंटेनन्स होता! मला वाटत होतं जितकं कडक तितकं टिकाऊ. आजीला माहीत होतं की टिकवायचा आहे तो दोरा, कडकपणा कामापुरता. संग्रहालयात जुन्या कापडांची डागडुजी करणारेही हेच म्हणतात, की लावलेलं परत काढता आलं पाहिजे.

माझं म्हणणं हेच आहे. आपण डिझाइन करताना स्ट्रेंग्थ बघतो, कॉस्ट बघतो. पण 'हे उद्या चुकलं तर परत फिरता येईल का?' हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही. आजी तो प्रश्न खळ लावण्याआधी विचारते. आणि तिच्या या ज्ञानाला आपण काय म्हणतो? टाइमपास. बायकांचा छंद.

हा शब्द साधा नाही. आंध्रमधल्या नरसापूरला मिशनऱ्यांमुळे क्रोशाच्या लेसचं काम रुजलं. तिथे हजारो बायका निर्यातीसाठी विणत होत्या. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते असं, की दिवसाचे कित्येक तास विणूनही या बायका 'घरीच तर बसतात, फावल्या वेळात करतात' असं धरलं जायचं, आणि म्हणून हातात मजुरी नावापुरती यायची. म्हणजे कामाला छंद म्हटलं की पैसेही कमी द्यावे लागतात आणि अक्कलही मान्य करावी लागत नाही. मीही तेच केलं. आजीच्या अकलेला मी फुकटात बाजूला सारलं.

आजी हंस शेपटीकडून आडवा धरते आणि मान किती झुकते ते बघते. कापडाचा कडकपणा मोजायची पीअर्स यांनी १९३० मध्ये मांडलेली रीत बघा. पट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवायची आणि ती ठरावीक कोनात झुकली की लांबी मोजायची. आहे की नाही सेम टू सेम कँटिलिव्हर!

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आपल्या लॅबमध्ये मिनी प्रोजेक्ट म्हणून एकदा हे करूया. एकाच दोऱ्याच्या विणलेल्या पट्ट्या घ्यायच्या. एकीला गोंद, एकीला पाक, एकीला खळ. एकदा मे मध्ये मोजायच्या, एकदा ऑगस्टमध्ये. आणि शेवटी तिन्ही धुवायच्या. धुण्याला वेगळे मार्क. पट्ट्या विणायचं काम माझं. आजी शेजारी बसून शिकवते आहे, तिला सुई धरता येत नसली तरी माझा चुकलेला खांब लांबूनही दिसतो.

तो हंस अजून माझ्या टेबलावर आहे, पाठीवर छापील अक्षरं घेऊन. दुसरा आजीने धुऊन ट्रंकेत ठेवला.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)