जुनी तबकडी, नवी पेटी

९ नोव्हेंबर २०१८ रोजी लंडनहून एक जाडजूड पांढरी पेटी बाजारात आली. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाने २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध केलेल्या आणि आपल्या कोऱ्या वेष्टनामुळे ‘व्हाइट अल्बम’ या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या जोड-तबकडीची ही सुवर्णमहोत्सवी आवृत्ती. मूळ गाणी तीस. पेटीत मात्र सहा सीडी, एक ब्ल्यू-रे तबकडी आणि १६४ पानांचा ग्रंथ. त्याखेरीज २७ कच्ची ध्वनिमुद्रणे आणि स्टुडिओतील तालमी व फसलेले प्रयत्न मिळून आणखी पन्नास. भाविकांनी ती मस्तकी लावली. टीकाकारांनी ‘म्हाताऱ्यांच्या खिशावर नवा डल्ला’ म्हणून तिची संभावना केली. या दोन्ही प्रतिक्रियांत तथ्य आहे; परंतु खरा प्रश्न दोन्हींच्या पलीकडचा आहे.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने प्रथम स्वतःचा खिसा तपासावा हे बरे. ही तीस गाणी प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत कॅसेटवर ऐकली. पहिला पगार झाल्यावर सीडी घेतली. ती सीडी १९८७ साली निघालेल्या आवृत्तीची होती. पुढे २००९ मध्ये ‘रीमास्टर’ केलेली आवृत्ती आली, तीही घेतली. २०१८ च्या पेटीपाशी येईपर्यंत एकाच मालाचे मोल तीनदा मोजून झाले होते. असे असता चौथ्यांदा हात खिशाकडे का जातो? गिऱ्हाईक मूर्ख असते, हे उत्तर सोपे असले तरी शास्त्राला धरून नाही.

त्यासाठी या व्यवहारात नेमके काय विकले जाते, ते पाहावयास हवे. ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः ती दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात तयार झालेल्या अंतिम मिश्रणाची केवळ सफाई होते. जुन्या पोथीवरची धूळ झटकावी तशी. दुसऱ्यात मूळ चार किंवा आठ पट्ट्यांच्या ध्वनिफितींपर्यंत मागे जाऊन, आवाज, गिटार, ढोल यांचा मेळ नव्याने घातला जातो; हस्तलिखितावरून पोथीची नवी आवृत्ती सिद्ध करावी तसे. २००९ चे काम पहिल्या प्रकारचे होते. २०१८ चे काम दुसऱ्या प्रकारचे असून ते मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केले. त्यात श्रम आहेत, कौशल्य आहे. तेव्हा जुनाच माल नव्या पुड्यात बांधला, एवढाच आरोप येथे टिकत नाही.

किमतीबद्दलच्या तक्रारीचेही तसेच. एकच माल निरनिराळ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांना निरनिराळ्या रूपांत विकण्याची युक्ती फार जुनी आहे. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्येच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे मर्म सांगून ठेवले होते. त्या डब्यांना छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. प्रस्तुत पेटीच्या बाबतीत मात्र गरिबाच्या डब्याचे छप्पर काढलेले नाही. तीन सीडींची स्वस्त आवृत्ती निघाली, आणि पेटीतील ध्वनिमुद्रणे इंटरनेटवरील संगीतसेवांवरही उपलब्ध झाली. ज्याला ग्रंथ, वेष्टन आणि मालकीचे समाधान हवे, त्याने जादा मोजावे; ज्याला केवळ ऐकावयाचे आहे त्याने अल्प मोलात ऐकावे. या भेदभावात अन्याय शोधणे कठीण आहे.

मग वादाचा मुद्दा कोणता? तो ‘पन्नास’ या आकड्यात दडलेला आहे.

युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. २०११ साली युरोपीय संघाने निर्देश काढून प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांसाठी ती सत्तर वर्षांवर नेली. परंतु जे ध्वनिमुद्रण पन्नास वर्षांत प्रसिद्धच झाले नाही, त्यावरील हक्क मात्र पन्नासाव्या वर्षाअखेर संपतो. या तरतुदीचा परिणाम ताबडतोब दिसला. २०१२ च्या अखेरीस बॉब डिलनच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा संच युरोपात निघाला, तो जेमतेम शंभरेक प्रतींचा. डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्सची १९६३ सालची ५९ ध्वनिमुद्रणे गाजावाजा न करता विक्रीस आली. हा रसिकांचा उत्सव नव्हता. तो मुदतीपूर्वी केलेला कागदोपत्री ताबा होता.

‘व्हाइट अल्बम’ची पेटी त्याहून कितीतरी उदार आहे हे मान्य. तथापि हिशेब तोच आहे. मे १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या ईशर येथील घरी चौघांनी साध्या टेपरेकॉर्डरवर गाण्यांचे जे कच्चे खर्डे उतरविले, त्यांपैकी काही १९९६ मध्ये बाहेर आले होते. उरलेले २०१८ संपण्यापूर्वी प्रसिद्ध झाले नसते तर ते सर्वांचे झाले असते. ते प्रसिद्ध झाल्यामुळे त्यांवरील हक्क त्या वर्षापासून सत्तर वर्षे, म्हणजे २०८८ अखेरपर्यंत टिकेल. घरी बसून केलेल्या ध्वनिमुद्रणावर एकशेवीस वर्षांचा मक्ता!

मक्ता हा सर्जनाला दिलेला मोबदला आहे, असे याचे समर्थन केले जाते. ते गणिताने तपासून पाहू. दरसाल एक रुपया मिळणार असेल आणि व्याजाचा दर सात टक्के धरला, तर पहिल्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाची आजची किंमत सुमारे तेरा रुपये ऐंशी पैसे होते. पुढील वीस वर्षांच्या वाढीव मुदतीने तीत भर पडते अवघी छत्तीस पैशांची. या छत्तीस पैशांसाठी कोणता कलावंत अधिक गाणी रचील? आणि जी गाणी १९६८ मध्येच रचून झाली, त्यांना तर कोणतेही प्रोत्साहन मागे जाऊन देता येत नाही. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गॉवर्स समितीने २००६ मध्ये मुदतवाढीविरुद्धच शिफारस केली होती. अमेरिकेतील मुदतवाढीला आव्हान दिले गेले तेव्हा २००२ मध्ये सतरा अर्थशास्त्रज्ञांनी सर्वोच्च न्यायालयापुढे हाच युक्तिवाद मांडला. त्यांत केनेथ ॲरो आणि मिल्टन फ्रीडमन असे एरवी परस्परांशी क्वचितच सहमत होणारे विद्वान एकत्र होते. दोन्ही ठिकाणी कायदा मात्र मक्तेदारांच्याच बाजूने गेला.

दुसरे समर्थन जतनाचे. मालकाला उत्पन्नाची आशा असेल तरच तो जुन्या फिती सांभाळील, असे म्हणतात. बीटल्ससारख्या सोन्याच्या खाणीबाबत हे खरे ठरते. परंतु जून २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतील आगीत असंख्य कलावंतांच्या मूळ ध्वनिफिती भस्मसात झाल्या, आणि त्या हानीची व्याप्ती जगाला कळली २०१९ मध्ये. मालकी होती, मुदत होती. जतन मात्र झाले नाही. हक्क दिला म्हणजे कर्तव्य आपोआप पार पडते, हा भ्रम त्या आगीने जाळून टाकावयास हवा होता.

आता हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत कसा येतो ते पाहा. याच पेटीत ‘द इनर लाइट’ या गीताचे केवळ वाद्यसंगीत समाविष्ट आहे. ते जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत हॅरिसनने भारतीय वादकांकडून वाजवून घेतले होते. मार्चमध्ये ते गीत छोट्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर निघाले. लेबलवर नाव बीटल्सचे; गीतात वाजतात ती आपल्या वादकांची बोटे.

१९६८ मध्ये आपल्या कायद्यात वादकाच्या हक्काचा उल्लेखही नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, तोही पंचवीस वर्षांपुरता. १९९९ मध्ये ती मुदत पन्नास वर्षे झाली. व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा तर २०१२ मध्ये मान्य झाला. उलट ध्वनिमुद्रणाच्या मालकाची मुदत, रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपुष्टात येत असल्याच्या निमित्ताने, १९९२ मध्येच पन्नासावरून साठ वर्षांवर गेली होती. म्हणजे वाजविणाऱ्याला पन्नास आणि विकणाऱ्याला साठ, हे आपले गणित आहे. युरोपच्या निर्देशाने निदान एवढे केले की, एकरकमी मानधनावर वाजविलेल्या वादकांसाठी एक्कावन्नाव्या वर्षापासूनच्या विक्रीउत्पन्नाचा वीस टक्के भाग राखून ठेवण्याचे बंधन निर्मात्यावर घातले.

मुदतवाढीची मागणी एकदाच होऊन थांबत नाही, हा जगाचा अनुभव आहे. आपल्याकडे ती पुन्हा पुढे आली, तर संसदेने प्रथम ‘नाही’ म्हणावे, हेच शास्त्राला धरून होईल. ते राजकीयदृष्ट्या अशक्य ठरले, तर निदान तीन अटी घालाव्यात. वाढीव वर्षे मागणाऱ्या मालकाने मूळ फितीची चांगली प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करावी. प्रत्येक वादकाचे नाव शोधून छापावे. आणि वाढीव उत्पन्नातील ठरावीक वाटा वादकांना अथवा त्यांच्या वारसांना द्यावा. ज्याला या अटी जड वाटतील, त्याने वाढीव मुदत मागू नये.

ती पेटी अखेर मी घेतली, हे कबूल केले पाहिजे. तिच्यातील मुंबईचा तो तुकडा ऐकताना एक मात्र ध्यानात आले. पन्नास वर्षांनंतर त्या वादनावरची धूळ यंत्राने नेमकेपणाने झटकता आली. वादकांच्या हक्कावर साचलेली धूळ झटकण्यास यंत्र लागत नाही. कायदा पुरेसा आहे.