पाणी मऊ असते म्हणे!

पहूरच्या स्टँडवर चहा पिताना एका निवृत्त गुरुजींनी ऐकवले, "पहिल्या महायुद्धात नौदलं नवशिक्यांना फ्लाइंग बोटीवर शिकवत. का? पडला तरी पाण्यात पडेल, पाणी मऊ!" यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा मला साफ अमान्य.

गुरुजी वाघूर नदीकाठचेच. विहिरीत सूर मारताना ज्याचे पोट एकदा सपाट आपटले, त्याने तरी पाण्याला मऊ म्हणू नये. इथे तर धावत्या एसटीच्या वेगाने फ्लाइंग बोटीचे, म्हणजे नावेसारख्या विमानाचे, लाकडी पोट पाण्यावर टेकवायचे!

बरे, मऊ नाही ते नाही, सोडतही नाही. १९१२ साली ग्लेन कर्टिसने अमेरिकेतल्या क्युका सरोवरावर अशी उडती नौका, म्हणजेच फ्लाइंग बोट, आणली. ती वेग घेई, पण पाणी तिचा तळ धरून ठेवी. अखेर त्याने तळाला पायरीसारखी खाच दिली, तिथून हवा शिरली आणि नौका सुटली. पुढे त्याच घराण्यातल्या 'मॉडेल एफ'वर अमेरिकी नौदलाचे वैमानिक तयार झाले. (आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की गाडी चौपाटीवर विमान उडवल्याचे ज्यांच्याबद्दल सांगतात त्या तळपद्यांपाशी अडते. पहिला कोण उडाला यावर घसा कोरडा. दुसऱ्याला शिकवले कसे, हे कुणी विचारत नाही.)

शिकवायची होती ती नावाड्याची विद्या. पाण्यावर ब्रेक नसतो. इंजिन चालू झाले की नौका निघालीच, वर वारा आणि प्रवाह आपापल्या दिशेला ओढणार. म्हणून ब्रिटनच्या 'नॉर्मन थॉम्पसन एन.टी.२बी'त गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसत आणि चालवण्याची साधने दोघांपुढेही असत. पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात, पण शेजारी काका असतोच ना, तसे.

"मग अमेरिकी नौदलाने शिकवायला 'एन-९' हे वेगळे विमान का घेतले?" हा प्रश्न रास्त आहे. उडत्या नौकेचे इंजिन डोक्यामागे असे. आपटली की ते वैमानिकावर येण्याची भीती. एन-९ चे इंजिन पुढे होते. पण तेही तरंडे लावून पाण्यावरूनच उडे. बदलली ती इंजिनाची जागा, शाळा पाण्यावरच राहिली.

आणि गुरुजी, लाटांपेक्षा वैमानिक घाबरतो तो आरशासारख्या निवांत पाण्याला. आपण किती उंचावर आहोत हे त्यावर डोळ्याला कळतच नाही. अशा वेळी कधी कधी खाली एखादी मोटारबोट फिरवून मुद्दाम तरंग उठवतात आणि मग विमान उतरते.