तक्त्यावर भिस्त ठेवून गाठ जाळू नका

‘मायक्रोवेव्हने लिव्हरमधली गाठ जाळायची, तर आधी संगणकात चित्रं रंगवायची कशाला? यंत्राबरोबर कंपनीचा तक्ता येतो. इतके वॉट, इतकी मिनिटं, काम फत्ते. जालन्यासारख्या जिल्ह्याला हे चोचले परवडणारे नाहीत.’ एका जाणकार म्हणवणाऱ्याचा हा युक्तिवाद. टाळ्या मिळतात, म्हणून तो खरा ठरत नाही.

त्या तक्त्याचंच बघू. असे तक्ते बहुधा जनावराच्या कापून काढलेल्या लिव्हरवरच्या प्रयोगांतून बनतात. त्यात रक्त वाहत नाही. जिवंत माणसात वाहतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं. गाठीला खेटून तीनेक मिलिमीटरची रक्तवाहिनी असली, तर तिच्याकडची बाजू पुरेशी तापत नाही. पेशी जगतात आणि गाठ तिथूनच पुन्हा वाढते. शिवाय तापमान शंभराकडे गेलं की ऊतीतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, कोरडी ऊती मायक्रोवेव्ह कमी शोषते आणि तापलेल्या भागाचा आकारच पालटतो. तक्त्यातल्या दोन आकड्यांत यातलं काय मावतं? शरीरात उष्णता कशी पसरते याचं जे समीकरण पेनेस यांनी 1948 साली मांडलं, त्यात रक्ताने नेलेल्या उष्णतेचं पद वेगळं आहे, ते उगाच नव्हे. जालन्याच्या स्टील कारखान्यांत कुणी तापमान न बघता भट्टीतलं पोलाद ओतत नाही. माणसाच्या पोटात मात्र अंदाज चालतो?

खर्चाचं म्हणाल, तर मोफत प्रणाली आहेत आणि बरा डेस्कटॉप पुरतो. डॉक्टरांचा अनुभव? सुई कुठून घालायची हे तेच ठरवणार. किरणोपचारातही आधी संगणकात नियोजन होतं. आज त्यावाचून लिनॅक या किरणयंत्राखाली रुग्णाला सहसा कुणी झोपवत नाही.

करायचं ते एवढंच. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून गाठ आणि रक्तवाहिन्या संगणकात उभ्या करा, 2450 मेगाहर्ट्झचा सुईसारखा अँटेना त्यात ठेवा आणि पेशी जवळपास तत्काळ मरतात ते 60 अंश गाठीपलीकडे पाच-दहा मिलिमीटरपर्यंत पोचतात का, ते पाहा. रक्तप्रवाहाचा नेमका आकडा हाती नसतो, म्हणून कमी आणि जास्त असे दोन्ही धरून गणित करा.

रसायन तंत्रज्ञान संस्थेचा (आयसीटी) मराठवाडा परिसर 2018 पासून जालन्यात आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. उष्णतेचं गणित एकीकडे शिकवतात, शरीररचना दुसरीकडे. दोन्हीकडच्या प्राध्यापकांनो, एक सामायिक प्रकल्प याच वर्षी हाती घ्या.