वैशाखातला तितर ताटात नको

वैशाख लागला की यवतमाळ जिल्ह्यातली काळी शेते उघडी पडतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, तूर कधीच घरी आलेली असते आणि झाडोरा म्हणावा असा उरतो तो फक्त धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. बाभळीची दोन-चार झाडे, बोरीची झुडपे, वाळलेल्या गवताचे पुंजके. पहाटे तांबडे फुटायच्या आधी त्याच धुऱ्यावरून तितराची खणखणीत हाक उठते. पलीकडच्या धुऱ्यावरचा दुसरा नर लगेच उत्तर देतो. दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत माळरान आणि शेतशिवार असलेल्या कोणत्याही गावात ही हाक ऐकू येते. हा या पक्ष्याच्या विणीचा भर आहे. आणि त्याला पकडणे सगळ्यात सोपे असते तेही याच दिवसांत.

कारण हाक देणारा नर आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत असतो. पारधी शिकाऱ्याची जुनी रीत याच स्वभावावर उभी आहे. बांबूच्या बारीक कामट्यांना दोरीचे फासे बांधायचे आणि गवतातल्या पायवाटेवर त्यांची आडवी रांग रोवायची. पूर्वी हे फासे जनावराच्या तातीचे किंवा घोड्याच्या केसांचे असत, आता नायलॉनचे असतात. रांगेमागे पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवायचा. तो बोलला की त्या हद्दीतला रानातला नर चवताळून धावत येतो. त्याची नजर पिंजऱ्याकडे असते, पायाखाली काय आहे तिकडे नसते. पाय किंवा मान फाशात अडकते आणि काही क्षणांत सगळे संपते. बंदूक नाही, आवाज नाही. शेजारच्या शेतातल्या माणसालाही पत्ता लागत नाही.

पकडलेला तितर जातो कुठे? काही पक्षी पारध्यांच्या बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, चुलीवर जातात, हे खरे. पण पकडणाऱ्याला चार पैसे मिळतात ते गावाबाहेरच्या गिऱ्हाइकाकडून. मोटारसायकलवर पिशवी लावून पक्षी आठवडी बाजाराच्या आडोशाला येतो, तिथून धाब्याच्या मागच्या दाराने आत जातो किंवा हौशी मंडळींच्या शेतावरच्या पार्टीत पोहोचतो. फार्मवर वाढवलेली जपानी बटेर १९७०च्या दशकापासून आपल्याकडे आहे आणि तिची विक्री उघड चालते. तिच्या आडोशाने रानातला लावा आणि तितरही खपतो. ‘गावरान’ म्हटले की भाव चढतो. म्हणून या प्रश्नाची चर्चा फाशापाशी सुरू करून फाशापाशीच संपवणे अन्यायाचे आहे. सुरुवात खाणाऱ्याच्या ताटापासून व्हायला हवी.

वसंतातल्या शिकारीचे समर्थन करणारे अमेरिकेचे उदाहरण देतात. तिथे रानटी टर्कीची शिकार याच ऋतूत होते. दक्षिणेकडच्या राज्यांत मार्चमध्ये हंगाम उघडतो आणि उत्तरेकडे मे अखेरपर्यंत चालतो. शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करतो, नर पिसारा फुलवून जवळ येतो. युक्ती आपल्या धुऱ्यावरचीच आहे. एकेकाळी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे तिथे टर्की जवळजवळ संपली होती. १९३०च्या दशकात ती दोन लाखांच्या घरात उरली होती, आज तिची संख्या साठ लाखांच्या आसपास सांगितली जाते. १९३७ साली तिथे कायदा होऊन बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवण्यात आला. रानातल्या टर्की जाळी उडवून पकडण्यात आल्या आणि जिथून त्या नाहीशा झाल्या होत्या तिथे नेऊन सोडण्यात आल्या. शिकाऱ्यांच्या पैशातून पक्षी वाचला, ही गोष्ट खरी आहे आणि कौतुकाची आहे.

पण ती जशीच्या तशी यवतमाळला लागू होत नाही, आणि त्याचे कारण पक्ष्याच्या संसारात आहे. टर्कीचा नर अनेक माद्यांशी जुगतो आणि पुढे अंडी उबवण्यात किंवा पिले वाढवण्यात त्याचा काही भाग नसतो. हंगामाच्या उत्तरार्धात बहुतेक माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात. तेव्हा नर टिपला तरी घरटे उघडे पडत नाही. म्हणूनच तिथे वसंतात फक्त नरावर, फार तर दाढीसारखी पिसे असलेल्या पक्ष्यावर, बंदूक रोखायची परवानगी असते. तितराचे तसे नाही. तो जोडीने राहतो आणि पिले निघाल्यावर सगळे कुटुंब एकत्र फिरते. नर आणि मादी दिसायलाही सारखीच. नराच्या पायावरची आरी जवळून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. फाशाला तर तोही कळत नाही. नर अडकला काय किंवा मादी, जोडी मोडते. जमिनीवर उथळ खळगा करून घातलेली सहा-आठ अंडी मुंगूस, कुत्रा आणि कावळ्याच्या तोंडी जाण्याची भीती असते.

शिवाय अमेरिकेतही हे गणित आता पुन्हा तपासले जात आहे. आग्नेयेकडच्या काही राज्यांत टर्कीची संख्या घटू लागली. दांडगे नर हंगामाच्या सुरुवातीलाच मारले गेले तर जुगण्याचा क्रम बिघडतो, असे मायकेल चेंबरलेन या जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकाने आणि इतरांनी मांडले आहे. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये हंगामाची सुरुवात दोन आठवडे पुढे ढकलली आणि एका शिकाऱ्याला मिळणाऱ्या पक्ष्यांची मर्यादाही कमी केली. ज्या देशात शिकार हा हक्क मानला जातो, तिथले सरकारही विणीच्या वेळापत्रकापुढे मान तुकवते. आपल्याकडे तर मुळात शिकारीला परवानगीच नाही.

पण पहिल्यापासून असे नव्हते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा तितर आणि लावे चौथ्या अनुसूचीत, म्हणजे ‘लहान शिकार’ या यादीत होते. परवाना काढून त्यांची शिकार करता येत असे. पण त्याच कायद्यात पिलांची शिकार करण्यावर बंदी होती आणि राज्य सरकारला कोणत्याही प्राण्यासाठी बंद काळ जाहीर करण्याचा अधिकारही होता. परवानगी देणाऱ्या कायद्यानेही विणीचा विचार केला होता. १९९१च्या दुरुस्तीने परवाने पूर्णपणे बंद झाले. आज कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नाही. फासे लावणे, पक्षी जिवंत धरणे, अंडी किंवा घरट्याला धक्का लावणे हीसुद्धा शिकारच. जवळ बाळगणे आणि विकत घेणे हादेखील गुन्हा आहे. यातला शेवटचा भाग गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही आणि त्याच्यावर फारशी कुणी कारवाईही करत नाही.

कारवाई होते ती बेड्यावर. वनविभागाची किंवा पोलिसांची गाडी पालांपाशी येऊन थांबते, फासे जप्त होतात, एखाद्या पोराला उचलून नेतात. इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. पारध्यांच्या माथीही तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून मुक्तता झाली, पण संशयाची नजर गेली नाही. ज्याला शेत नाही, ज्याच्या मुलाला शाळेत सहज दाखला मिळत नाही आणि ज्याला गावात कुणी कामावर ठेवत नाही, त्याने बापाकडून शिकलेली विद्या वापरली तर नवल नाही. यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. भीक मागणारी आणि शिकारीमागे फिरणारी मुले तिथे शिकू लागली. तितर वाचवण्याचे काम तिथेही होते आहे, याची नोंद वन्यजीवांवर प्रेम करणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

फासेपारधी म्हणजे रानाचा शत्रू, हे समीकरणही खोटे आहे. गाभण हरणी किंवा पाडस फाशात सापडले तर त्याला सोडून द्यायचे, ही या जमातीची जुनी रीत माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवून ठेवली आहे. रान आपले आहे, उद्याही इथेच यायचे आहे, असे वाटत होते तोवर हा संयम टिकला. हद्दी मोडल्या, माळराने गेली, बाहेरचे गिऱ्हाईक आले आणि संयमाचा आधार सुटला. तो पुन्हा उभा करता येतो, हे अकोला-वाशीम भागात दिसले आहे. तिथे ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर आणि माळरानांसाठी काम करते. तणमोर हा आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांपैकी एक आहे. गवतात लपलेला हा पक्षी शोधायला ज्यांचे पूर्वज त्याला पकडत होते, त्यांच्याहून चांगली नजर कुणाची असणार?

फाशाइतकाच मोठा घाला आणखी दोन ठिकाणांहून पडतो आणि त्याबद्दल शेतकऱ्यांशी मोकळेपणाने बोलायला हवे. पहिला म्हणजे धुरे पेटवणे. खरिपाच्या तयारीत एप्रिल-मेमध्ये काडीकचरा जाळताना धुऱ्याला आग लावली जाते, आणि घरटे नेमके तिथेच असते. दुसरा म्हणजे विष. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले. ज्या फवाऱ्याने धडधाकट माणूस कोसळला, त्याच शेतात तितराची पिले किडे वेचत असतात. तणनाशकाने धुऱ्यावरचे गवतही जाते. वाळवी, नाकतोडे आणि तणाचे बी खाणारा हा पक्षी शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. त्याच्यासाठी हातभर रुंदीचा धुरा पावसाळा लागेपर्यंत न जाळता ठेवला, तर पेरणीचे काही बिघडत नाही.

यवतमाळचे वन्यजीव म्हटले की बोलणे वाघाकडे वळते. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पाहायला लोक लांबून येतात. २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात टी-१ वाघीण मारली गेली, तेव्हा देशभर वाद पेटला. त्या चर्चेचे महत्त्व आहेच. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ई-क्लास म्हणजे सरकारी चराईच्या जमिनींवर आणि शेतांच्या धुऱ्यांवर जगणारे लहान पक्षी कुणाच्याच यादीत नसतात. त्यांची मोजणी होत नाही आणि ते कमी झाले तर बातमीही होत नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो आणि त्यासाठी वनविभाग रोजंदारीवर आगीवर नजर ठेवणारी माणसे घेतो. तितराच्या विणीचा भरही याच काळात येतो. या कामावर बेड्यांवरच्या तरुणांना आधी घ्यावे आणि घरट्यांच्या जागांची नोंद करण्याचे काम मोबदला देऊन त्यांच्याकडेच सोपवावे. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्याने जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. त्या नोंदवहीत माळरानाचे आणि धुऱ्याचे पक्षी लिहिले गेले, तर ई-क्लास जमीन दुसऱ्या कामाला देताना गावाला निदान आक्षेप घेता येईल. तपासणीचा रोख पालांवरून काढून धाबे आणि आठवडी बाजारांकडे वळवावा. बटेर विकणाऱ्याला ती कोणत्या फार्मची, हे दाखवण्याची सक्ती करावी. दोन-चार खरेदीदारांवर गुन्हे नोंदले गेले, तर उरलेल्यांपर्यंत निरोप आपोआप पोहोचेल.

आणि जिल्ह्यातल्या मांसाहारी कुटुंबांनी, मित्रमंडळींनी, शेतावरच्या पार्ट्या भरवणाऱ्यांनी एवढे ठरवावे की रानातला तितर किंवा लावा कुणी दारात आणून दिला तर घ्यायचा नाही, आणि आणणाऱ्याला हाकलून न देता त्याला दुसरे काम काय देता येईल ते विचारायचे. कोंबडी आणि फार्मची बटेर बाजारात हवी तेवढी मिळते. येत्या वैशाखाच्या आत जिल्हाधिकारी, वनविभाग आणि जिल्हा परिषद यांनी बेड्यांवरच्या पंचांना एकत्र बसवून या कामाची आखणी केली, तर पेरणीपर्यंत या वर्षीची पिले उडण्याजोगी झालेली असतील.