‘खूप छान बाळा!’: ऑनलाइन कौतुकाचा धंदा कसा झाला, आणि छंदांच्या ग्रुपना त्याची किंमत काय पडतेय?

फेसबुक चाळताना मधूनच एक पोस्ट समोर येते. प्लास्टिकच्या बाटल्यांची बनवलेली मोटार आणि तिच्या शेजारी उभा सात-आठ वर्षांचा मुलगा. वर ओळ असते, ‘मी हे स्वतः बनवलंय, पण गरीब आहे म्हणून कुणी कौतुक करणार नाही.’ खाली ‘खूप छान बाळा’, ‘ग्रेट’, ‘देव तुझं भलं करो’ अशी कमेंटची रांग. जरा थांबून पाहिलं तर मुलाच्या हाताला सहा बोटं दिसतात, बाटल्या एकमेकींत वितळून गेलेल्या असतात. असा मुलगा नाही, अशी मोटारही नाही. चित्र एआयने काढलेलं आहे.

‘लोक किती भोळे’ म्हणून पुढे सरकणं सोपं आहे. पण असली पेज चालवणाऱ्यांनी पैसे, लॉटरी, देवाधर्माच्या जोडीला ‘हाताने केलेली वस्तू’ हा विषय निवडला, हे नुसतं योगायोगाने झालेलं नाही. कुणी काही घडवून दाखवलं की दोन शब्द बरे बोलावेत, ही माणसांची जुनी सवय आहे. इंटरनेटवरचे छंदांचे ग्रुप याच सवयीवर उभे राहिले.

हे पेजवाले कौतुक मागतात कशाला?

डिसेंबर २०२३ मध्ये ‘४०४ मीडिया’ या अमेरिकी वेबसाइटने एक प्रकरण उघड केलं. ब्रिटनमधल्या एका कारागिराने लाकडाच्या ओंडक्यातून कुत्र्याचं शिल्प कोरलं होतं. त्याचा फोटो उचलून, एआयने त्यात थोडे थोडे बदल करून वेगवेगळी पेज तो आपला म्हणून टाकत होती. कुठे कारागीर बदललेला, कुठे कुत्र्याची जात. प्रत्येक फोटोखाली मनापासून केलेलं कौतुक होतं, फक्त ते मूळ माणसापर्यंत पोहोचत नव्हतं.

२०२४ मध्ये स्टॅनफर्ड आणि जॉर्जटाउन विद्यापीठांशी संबंधित दोन अभ्यासकांनी अशी १२० फेसबुक पेज तपासली. त्यांचं निरीक्षण असं की ही चित्रं पेज फॉलो न करणाऱ्यांच्या फीडमध्येही फेसबुक स्वतःहून आणून ठेवत होतं, आणि कमेंट करणाऱ्यांपैकी अनेकांना ती बनावट असल्याचं कळत नव्हतं. काही पेजचा हेतू नुसते फॉलोअर जमवण्याचा होता, काहींचा पुढे लोकांना फसवण्याचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘४०४ मीडिया’ने पुढचा धागा शोधला आणि तो भारतात येऊन पोहोचला. फेसबुकच्या बोनस योजनेतून अशा चित्रांवर पैसे कसे कमवायचे, हे शिकवणारे हिंदी यूट्यूब व्हिडिओ त्यांना सापडले.

गंमत म्हणजे लाइकसाठी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. पण लगेच जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी फीडचं गणित बदललं आणि कमेंट व शेअरना जास्त वजन दिलं. हेतू सांगितला तो माणसांमधला संवाद वाढवण्याचा. ‘खूप छान बाळा’ हाही यंत्राच्या लेखी संवादच.

‘पुलेशु’ पासून लाइकपर्यंत

मराठी माणसाला ऑनलाइन कौतुक फेसबुकने शिकवलं नाही. ‘मायबोली’ सुरू झाली १९९६ मध्ये, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये. तिथे वावरलेल्यांना ‘पुलेशु’ म्हणजे ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ आणि ‘पुभाप्र’ म्हणजे ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’ हे वेगळं सांगावं लागत नाही. पाककृतीखाली ‘तोंपासु’ म्हणजे तोंडाला पाणी सुटलं. यातही यांत्रिकपणा होताच. न वाचता ‘पुलेशु’ टाकून जाणारे तेव्हाही होते आणि त्यांची थट्टाही व्हायची.

पण एक फरक होता. प्रतिसाद लिहायला नाव आणि चार अक्षरं तरी खर्च करावी लागत. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने लाइकचं बटण आणलं आणि कौतुक मोजता येऊ लागलं. मोजता आलं म्हणून त्यावरून पोस्टचा क्रम लावता आला, आणि क्रम लावता आला म्हणून ते विकताही आलं.

मुळात कौतुकाने काही होतं का?

होतं. याचा सगळ्यात चांगला पुरावा विकिपीडियावर मिळतो, कारण तिथे कुणाला पैसे मिळत नाहीत. चांगलं काम करणाऱ्या संपादकाच्या पानावर दुसरा संपादक ‘बार्नस्टार’ नावाचं चांदणीचं चित्र लावतो, एवढंच बक्षीस. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी विकिपीडियाचे सर्वाधिक काम करणारे एक टक्का संपादक घेतले आणि त्यातल्या काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, बार्नस्टार दिले. ज्यांना मिळाले त्यांचं काम न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त राहिलं. पुढे जर्मन विकिपीडियावर नवख्या संपादकांवर असाच प्रयोग झाला. बक्षीस मिळालेल्यांपैकी पुढच्या महिन्यात टिकून राहिलेल्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त निघालं.

यापेक्षा जास्त विचार करायला लावणारा अभ्यास २०१४ चा आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी बातम्या, व्हिडिओ गेम आणि के-पॉप संगीताच्या चार मोठ्या साइटवरच्या कमेंट तपासल्या. कौतुक मिळालेल्यांचं लेखन काही सुधारलं नाही. नावं ठेवली गेलेले उलट जास्त लिहू लागले, आणि आणखी वाईट लिहू लागले. साइट सोडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाची? ज्यांना कुणी काहीच म्हटलं नाही त्यांची. शिव्या खाऊनही माणूस टिकतो, दुर्लक्षाने जातो.

मग आपण गप्प का बसतो? ‘माझ्या बोलण्याने काय फरक पडणार’ असं वाटतं म्हणून. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमध्ये दिसलं की कौतुक करणारा त्याचा परिणाम नेहमी कमी धरतो. समोरच्याला त्याच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त बरं वाटतं.

पण जिकडे लाइक, तिकडे छंद वळतो

इथे खरी अडचण सुरू होते. २०२१ मध्येच ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात ४,००० हून अधिक लोकांच्या दहा लाखांहून जास्त पोस्टचा अभ्यास आला. त्यात इन्स्टाग्रामबरोबर फॅशन आणि बागकामाच्या साइटही होत्या. प्रयोगशाळेतला प्राणी खाण्याच्या आशेने दांडी दाबायला शिकतो, त्याच नियमाने माणसं लाइकच्या हिशोबाने पोस्टचं वेळापत्रक बदलतात, असं त्यातून निघालं. बागकाम करणारेसुद्धा!

गुलाबाचे फोटो चार जास्त पडल्याने कुणाचं बिघडत नाही. सगळेच छंद इतके निरुपद्रवी नसतात.

महाराष्ट्रात गावोगावी सर्पमित्र आहेत. घरात निघालेला साप न मारता पकडून सोडणं हे त्यांचं मोलाचं काम. नीट केलेल्या कामाचा व्हिडिओ कंटाळवाणा असतो: आकडी, पिशवी, साप आत, तोंड बांधलं, संपलं. नागाला फणा काढायला लावून त्याच्यासमोर हात हलवला की मात्र ‘वाघ आहेस भावा’, ‘सलाम तुमच्या धाडसाला’ असा पाऊस पडतो. दोन-तीन वेळा असं झालं की पुढचा व्हिडिओ कसा निघणार हे सांगायला नको. साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात, त्यांचा असा खेळ करणं बेकायदा आहे. शिवाय दंश होऊन सर्पमित्रांचाच जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. त्या बातमीखालीही पुन्हा ‘सलाम’ असतो.

पक्ष्यांचं तसंच. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. केशरी-जांभळा, मुठीत मावेल एवढा पक्षी, चोचीत पिल्लासाठी सापसुरळी किंवा बेडूक. या फोटोला लाइक मिळणारच. म्हणून बिळासमोर कॅमेरे लागतात, जागा गुपचूप एकमेकांना कळवली जाते, मधली झुडपं तोडली जातात. माणसांची गर्दी असली की आई-बाप पिल्लांकडे यायला कचरतात. देशातल्या अनेक पक्षी ग्रुपनी घरट्यांचे फोटो टाकायलाच बंदी घातली आहे. ही बंदी काहींना जाचक वाटते. मला ती सगळ्यात शहाणी वाटते, कारण ती फोटोग्राफरशी भांडत बसत नाही, त्याचं कौतुक थांबवते.

एकदा लाइक लागले की ते आणखी लाइक ओढतात. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात एका बातम्यांच्या साइटवर लाखभर कमेंटपैकी काहींना संशोधकांनी सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं. त्या एका मतामुळे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. त्यामुळे ‘इतक्या जणांना आवडलंय म्हणजे बरोबरच असेल’ हा भरवसा फार टिकाऊ नसतो. रानभाज्यांच्या ग्रुपवर कुणी अनोळखी अळंबीचा फोटो टाकतं आणि खाली ‘मस्त, कशी करायची?’ अशा वीस कमेंट येतात, तेव्हा हा प्रश्न थेट पोटाशी येतो.

‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या साइटवर तर आभार मानण्याचीही पंचाईत होते. तुमच्या फोटोतली वनस्पती कुणी ओळखून दिली आणि तुम्ही शिष्टाचार म्हणून ‘सहमत’ दाबलं, तर दोन मतं जुळतात आणि नोंद ‘संशोधन दर्जा’ची ठरून पुढे जागतिक माहितीसाठ्यात जाऊ शकते. तुम्हाला म्हणायचं होतं फक्त ‘धन्यवाद’.

‘जबरदस्त! अगदी प्रोफेशनल!’

नवशिक्याला हे ऐकून हुरूप येईल असं आपण धरून चालतो. २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये मुलांना व्हॅन गॉगच्या एका फुलांच्या चित्राची नक्कल करायला सांगितलं आणि ‘चित्रकारा’कडून अभिप्राय दिला. काहींना ‘सुंदर चित्र काढलंस’, काहींना ‘कमालीचं सुंदर चित्र काढलंस’. एका शब्दाचा फरक. ज्यांचा स्वतःवर मुळात विश्वास कमी होता, त्यांनी ‘कमालीचं’ ऐकल्यावर पुढचं चित्र सोपं निवडलं. एवढी स्तुती पुढच्या वेळी टिकवायची कशी, हे ओझं झालं असणार. अशा मुलांना मोठी माणसं फुगवून बोलतात तेही जास्त, असं त्याच अभ्यासात दिसलं.

दिवाळीच्या तोंडावर कुठल्याही पाककृतींच्या ग्रुपवर जा. कुणी तेलात विरघळलेल्या चकलीचा फोटो टाकून विचारतं, ‘काय चुकलं?’ खाली पंचवीस जणी लिहितात, ‘खूप छान ताई.’ सव्विसावी लिहिते, ‘मोहन जास्त झालंय. उरलेल्या पिठात थोडी भाजणी घालून परत मळा, एक चकली आधी टाकून बघा.’ तिच्या कमेंटला लाइक तीन. पण ग्रुप चालतो तो तिच्यामुळे.

बायकांच्या बाबतीत कौतुकाला आणखी एक बाजू आहे. रांगोळीचा फोटो टाकला तर रांगोळीवर दोन शब्द आणि इनबॉक्समध्ये ‘नाइस डीपी’. मग अनेकजणी स्वतःचा चेहरा कापून फक्त वस्तूचा फोटो टाकतात, किंवा फक्त बायकांच्या बंद ग्रुपमध्ये जातात. तिथे गेलेली कला बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

कंपन्यांनी काय केलं?

फार नाही. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत लाइकचे आकडे लपवून पाहिले आणि २०२१ मध्ये निर्णय वापरणाऱ्यावर सोडला. आकडे दिसतात तसेच दिसत राहिले. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचे आकडे लपवले. त्याने छोट्या चॅनेलवर तुटून पडणाऱ्या टोळ्यांना आळा बसेल असं कंपनीचं म्हणणं होतं. पण कुकरची दुरुस्ती चुकीची शिकवणारा व्हिडिओ उघडण्याआधी ओळखायची एक सोयही गेली. मे २०२४ पासून मेटाने एआय चित्रांवर पट्टी लावायला सुरुवात केली, आणि खऱ्या फोटोंवरही ती लागतेय अशा तक्रारी आल्यावर जुलैमध्ये पट्टीचे शब्द बदलले.

ग्रुप चालवणारे मात्र आपल्या परीने मार्ग काढतायत. विणकाम, शिवणकामाच्या बऱ्याच ग्रुपनी एआय चित्रांना बंदी केली आहे. काही ठिकाणी अर्धवट कामाचे फोटो मागतात. मराठी पाककृतींच्या साइटवर टप्प्याटप्प्याचे फोटो टाकायची पद्धत जुनीच आहे, तिचा असा उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल.

या सगळ्याचा फटका आता खऱ्या कारागिरांनाही बसतोय. शाडूच्या मातीचा गणपती कुणी मन लावून केला, तरी पहिली कमेंट ‘एआय आहे ना?’ अशी येऊ शकते. डिसेंबर २०२२ मध्ये रेडिटवर दोन कोटींहून जास्त सभासद असलेल्या ‘आर्ट’ या ग्रुपमध्ये एका चित्रकाराने आपलं चित्र टाकलं. ते एआयने केल्यासारखं दिसतं म्हणून त्याला बाहेर काढलं गेलं. चित्र कसं केलं त्याच्या मूळ फाइली दाखवायला तो तयार होता. उत्तर मिळालं की चित्र तू स्वतः काढलं असलंस तरी फरक पडत नाही, तुझी शैली बदल.